वैद्यक शिकणाऱ्या मुलीचें कपाट

मुंबईच्या कोणत्याहि मोठ्या सरकारी अगर म्युनिसिपल रुग्णालयाच्या फाटकाशीं सकाळीं आठाच्या सुमारास कोणी पांच मिनिटें उभें राहिलें, तर त्याला दोन तऱ्हेच्या तरुण डॉक्टरणी दिसतील. पहिल्या नुकत्याच न्हाऊन, इस्तरीची कुर्ती किंवा घडीचें पातळ नेसून आंत जाणाऱ्या. दुसऱ्या बाहेर पडणाऱ्या. त्यांच्या ॲप्रनच्या बाहीवर आयोडीनचा पिवळट डाग असतो, खिशाच्या कडेला शाई उतरलेली असते, ओढणीची घडी कधींच मोडलेली असते. परंतु ह्या दुसऱ्याहि काल सकाळीं त्याच फाटकांतून पहिल्यांइतक्याच टवटवीत आंत शिरल्या होत्या. दोघींमध्यें अंतर आहे तें फक्त चोवीस किंवा छत्तीस तासांच्या कामाचें.

वैद्यकाचें शिक्षण घेणाऱ्या मुलीनें कपड्यांचा विचार करावा काय, हा प्रश्न अजूनहि पुष्कळ घरांत उपहासानेंच विचारला जातो. "शिकायला जातेस कीं मिरवायला, गं?" असें आजोबा म्हणतात, आणि "डॉक्टरला काय, वरून पांढरा डगला असतोच," असें म्हणून आई विषय मिटविते. दोघांचेंहि म्हणणें वरवरचें आहे. एम्. बी. बी. एस्. चीं साडेचार वर्षें, त्यावर एक वर्षाची उमेदवारी आणि पुढें एम्. डी. किंवा एम्. एस्. चीं तीन वर्षें धरलीं, तर अठराव्या वर्षीं महाविद्यालयांत पाऊल टाकणारी मुलगी सव्विशी उलटून गेल्यावर बाहेर पडते. तारुण्याचा एवढा काळ जिनें रुग्णालयांत काढावयाचा, तिला नीटनेटकें व शोभिवंत राहण्याची इच्छाच नसावी अशी अपेक्षा करणें हें वैराग्याचें नव्हे, तर कोरडेपणाचें लक्षण होय.

शिवाय येथें केवळ हौसेचाच प्रश्न नाहीं. रोगी डॉक्टरकडे पाहतो तो आधीं डोळ्यांनीं. बाहेरगांवाहून आलेला वृद्ध गृहस्थ, खाटेवर पडल्या पडल्या, जी मुलगी त्याची छाती तपासून, नाडी पाहून, कागद भरून उठते, तिलाच विचारतो, "सिस्टर, डॉक्टर केव्हां येणार?" परिचारिकेचा दर्जा कमी म्हणून हें खटकतें असें नव्हे; किंबहुना नव्या डॉक्टराला निम्मा वॉर्ड शिकवितात त्या सिस्टरच. पण जिच्या सांगण्यावरून त्या वृद्धानें उद्यां शस्त्रक्रियेस संमति द्यावयाची, तीच डॉक्टर आहे हें त्याला उमगलेलें नसेल, तर त्याचा विश्वास अर्धवट राहतो आणि तिचाहि आवाज नकळत खालीं येतो. चुरगळलेल्या, ढगळ कपड्यांतल्या मुलीच्या वांट्याला हा प्रसंग अधिक येतो, आणि भरजरी कपड्यांतलीच्या वांट्यालाहि तो येतोच. मधली वाट सांपडणें हेंच अवघड.

ही अडचण आजची नाहीं. पाश्चात्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या महाराष्ट्रीय स्त्रीलाच ती प्रथम भोगावी लागली. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, त्यापूर्वीं सेरामपूर येथें केलेल्या भाषणांत, आपण हिंदु म्हणून जाणार आणि हिंदु म्हणूनच परत येणार, अशा आशयाचा निर्धार त्यांनीं प्रकट केला होता. वय अवघें अठरा वर्षांचें. तिकडे पेन्सिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत, म्हणजे फिलाडेल्फिया शहरांत, त्यांचा अभ्यास सुरू झाला. आणि तेथील हिवाळ्यानें त्या निर्धाराची परीक्षा पहिल्या दिवसापासून घेतली. नऊवारी लुगडें नेसलें म्हणजे पोटऱ्या उघड्या राहतात. पुण्याच्या किंवा कल्याणच्या हवेंत त्याचें कांहींच वाटत नाहीं. पण जेथें रस्त्यांत बर्फ सांचतें तेथें तीच गोष्ट जिवावर बेतणारी. बरें, तेथील बायकांसारखा झगा घालावा, तर दिलेला शब्द मोडला आणि इकडच्या निंदकांना आयतेंच कोलीत मिळालें!

आनंदीबाईंनीं काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. त्यांनीं लुगडें सोडलें नाहीं, नेसण्याची तऱ्हा बदलली. गुजराती पद्धतीनें नेसल्यावर पाय घोट्यांपर्यंत झांकले जातात, आणि आंत उबदार परकर घालतां येतो. बाहेरून पाहणाऱ्यास हिंदी स्त्री दिसावी, आणि आंतल्या आंत थंडीशीं तडजोड व्हावी, असा हा बेत. १८८५ च्या ऑक्टोबरांत घेतलेलें एक छायाचित्र आज सुप्रसिद्ध आहे. त्यांत जपानच्या केई ओकामी किमोनोंत, सीरियाच्या साबात इस्लांबुली आपल्या देशच्या पोषाखांत, आणि आनंदीबाई लुगड्यांत बसलेल्या दिसतात. तिघीहि एकाच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. तिघींच्या चेहऱ्यांवर जें गांभीर्य आहे तें पाहिल्यावर, पोषाख ही त्यांना क्षुल्लक बाब वाटत असेल असें कोण म्हणेल? ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंना एम्. डी. ची पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढें वर्षहि पुरतें झालें नाहीं तोंच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, क्षयानें त्यांचा पुण्यास अंत झाला. त्या रोगाचें खापर एका लुगड्यावर फोडणें बरोबर होणार नाहीं. परंतु परक्या हवेंत, परक्या अन्नावर, रात्रंदिवस अभ्यास करणाऱ्या देहाला ऊब मिळते कीं नाहीं हा प्रश्न किती खरा होता, हें त्या आयुष्यावरून कळतें.

पुरुष डॉक्टरांची गोष्ट त्या काळीं निराळीच होती. शल्यवैद्य काळा लांब कोट घालून शस्त्रक्रिया करीत, आणि तोच कोट वर्षानुवर्षें वापरीत. रक्तानें ताठ झालेला कोट हें अनुभवाचें भूषण मानलें जाई! व्हिएन्ना येथें सेमेलवाइस यानें १८४७ सालीं क्लोरीनच्या पाण्यानें हात धुण्याचा आग्रह धरला, १८६७ सालीं लिस्टरनें आपली जंतुनाशक पद्धति प्रसिद्ध केली, तरी कोट लगेच उतरला नाहीं. अमेरिकन चित्रकार टॉमस ईकिन्स याचीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं ठेवलीं म्हणजे हा बदल एका नजरेंत दिसतो. १८७५ च्या चित्रांत प्रोफेसर ग्रॉस व त्यांचे सहायक काळ्या कोटांत शस्त्रक्रिया करीत आहेत. १८८९ च्या चित्रांत प्रोफेसर ॲग्न्यू व त्यांची मंडळी पांढऱ्या वस्त्रांत आहेत. मध्यें गेलीं तीं चौदाच वर्षें. मौजेची गोष्ट अशी कीं, हीं दोन्ही चित्रें फिलाडेल्फियाचींच, आणि आनंदीबाईंचीं शिक्षणाचीं वर्षें बरोबर त्या दोहोंच्या मध्यें पडतात.

रबरी हातमोज्यांचा जन्म तर निव्वळ एका परिचारिकेच्या सोईसाठीं झाला. बाल्टिमोर येथें डॉक्टर हॉल्स्टेड यांच्या हाताखालीं काम करणाऱ्या कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांची कातडी पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणानें सोलवटून निघे. म्हणून १८८९-९० च्या सुमारास डॉक्टरांनीं एका रबर कंपनीकडून पातळ हातमोजे मुद्दाम करवून घेतले. जंतूंपासून रोग्याचें रक्षण व्हावें हा हेतु मागाहून चिकटला. (त्याच परिचारिकेशीं डॉक्टरांनीं पुढें विवाह केला, हें सांगितल्यावांचून कोणताच शिक्षक ही कथा संपवीत नाहीं.) शस्त्रक्रियागृहांतील हिरवा रंगहि असाच गरजेंतून आला. लाल रक्ताकडे टक लावून पाहिल्यानंतर पांढऱ्या कापडावर नजर टाकली, तर डोळे दिपतात आणि हिरवट छाया तरळूं लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टर शेर्मन यांनीं १९१४ सालीं पालकाच्या भाजीसारखा हिरवा रंग वापरून हा त्रास दूर केला. आज तेथें घालतात त्या सैल सदऱ्या-विजारीच्या जोडीला 'स्क्रब' म्हणतात. ती जोडी रुग्णालयाची असते, तिथेंच धुतली जाते, आणि ती घालून बाहेर भटकणें हा शिस्तभंग होय.

येथपर्यंत आलें म्हणजे आईचें म्हणणें पुन्हा आठवतें: वरून पांढरा डगला असतोच. असतो खरा, पण त्या डगल्याचेंहि आसन आतां डळमळीत झालें आहे. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत २००८ सालापासून कोपराखालीं हात उघडे ठेवण्याचा दंडक सुरू झाला. लांब बाही नाहीं, मनगटी घड्याळ नाहीं, आंगठी असली तर साधी आणि एकच. कारण उघड आहे. हात कोपरापर्यंत धुतां आला पाहिजे, आणि बाहीचें टोंक एका रोग्याच्या जखमेवरून दुसऱ्याच्या अंथरुणावर जातां कामा नये. आपल्याकडे ॲप्रन टिकून आहे, आणि निदान त्याच्या खिशांसाठीं तरी तो टिकेल असें वाटतें. स्टेथॉस्कोप, विजेरी, गुडघ्यावर ठोकावयाची हातोडी, कात्री, चिकटपट्टी, तीन लेखण्या आणि एक जाड टिपणवही हा सगळा संसार बायकांच्या कोणत्या कपड्यांत मावतो? बायकांच्या कपड्यांना खिसे न ठेवणाऱ्या शिंप्यांनीं स्त्रीशिक्षणाची केवढी हानि केली आहे, ह्याचा हिशेब कोणी मांडलेला नाहीं. तेव्हां ॲप्रन असावा, पण बाही आंखूड असावी, आणि ते दोन नव्हे तर निदान चार असावे.

आतां कपाटाकडे वळावयास हरकत नाहीं. नव्या मुलीची पहिली चूक अशी होते कीं, ती वेगवेगळे पोषाख घेते. एकमेकांशीं जमणारे घेत नाहीं. एक जांभळी कुर्ती, तिच्याशींच जुळणारी जांभळी सलवार, तशीच ओढणी. ह्यांतला एक तुकडा डागळला कीं तिन्ही बाद. त्याऐवजीं तीन विजारी घ्याव्या, एक काळी, एक गडद निळी, एक राखी. आणि पांच कुर्त्या अशा निवडाव्या कीं प्रत्येक कुर्ती प्रत्येक विजारीवर खुलेल. पांच त्रिक पंधरा. आठ कपड्यांत पंधरा दिवस रोज निराळा पोषाख झाला, आणि सकाळीं पांच वाजतां, झोपेनें डोळे मिटत असतां, विचार करण्याचें कारण उरलें नाहीं. ज्या मुलींना पातळाची हौस आहे त्यांनीं ती बाह्यरुग्ण विभागाच्या दिवसासाठीं राखून ठेवावी. सुती किंवा सूतमिश्रित पातळ, खांद्यावर पदर पिनेनें घट्ट बसविलेला, निऱ्या घोट्याच्या किंचित् वर. तांतडीच्या विभागांत, जेथें धांवावें लागतें, तेथें तें नको. ओढणीचेंहि तेंच. ती दोन्ही खांद्यांवर टांचलेली असेल तर ठीक. नाहीं तर खालीं वांकतांक्षणींच तिचें टोंक प्रथम जखमेवर जातें.

कापड निवडतांना केवळ दुकानांतल्या आरशावर विश्वासूं नये. निव्वळ सुती कापड घाम शोषून घेतें, अंगाला सुख देतें, पण दुपारपर्यंत त्याची रया जाते. निव्वळ पॉलिएस्टर चुरगळत नाहीं, लवकर वाळतें, मात्र घामाचा वास धरून ठेवतें. आणि चोवीस तासांच्या पाळीनंतर ही गोष्ट शेजारणीला आधीं कळते. दोहोंचें मिश्रण, सुताचा भाग अधिक असलेलें, हें मुंबईच्या हवेंत सर्वांत सोईचें. ईथर, सायक्लोप्रोपेन यांसारखीं पेट घेणारीं भुलीचीं औषधें वापरांत होतीं तोंवर शस्त्रक्रियागृहांत नायलॉन वर्ज्य असे, कारण घर्षणाच्या विजेची एक ठिणगी पुरे होती. आज तें भय सरलें आहे. रंगाविषयीं एवढेंच कीं, बारीक नक्षीच्या कापडावर डाग लपतात आणि सपाट फिकट रंगावर ते ओरडून सांगतात. मात्र डाग लपला म्हणून कपडा स्वच्छ झाला असें नाहीं. तो धुवावयाचाच असतो.

आणि धुण्याची विद्या ही ह्या सगळ्या प्रकरणांतली खरी विद्या होय. रक्ताचा डाग पडला कीं घाबरी मुलगी त्यावर ऊन पाणी ओतते, आणि डाग कायमचा करून ठेवते. रक्तांत प्रथिनें असतात. अंडें उकळत्या पाण्यांत जसें गोठतें तशीं तींहि उष्णतेनें गोठून धाग्याला चिकटतात. रक्ताला थंडच पाणी हवें, आणि तें लगेच. राहिलेल्या खुणेवर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकावे. पण रंगीत कपड्यावर आधीं आंतल्या शिवणीपाशीं परीक्षा घ्यावी, नाहीं तर डागाबरोबर रंगहि जातो. आयोडीनचा डाग दिसतो भयंकर, पण स्वभावानें गरीब असतो. 'क' जीवनसत्त्वाची गोळी पाण्यांत विरघळवून त्यावर लावली, तर तो बहुधा डोळ्यांदेखत विरतो. शाईला स्पिरिट, खालीं टीपकागद ठेवून. हाड बसवितांना उडालेलें प्लॅस्टर ओलें असतां चोळूं नये. वाळूं द्यावें आणि ब्रशानें झाडावें, मोरींत तर मुळींच धुवूं नये, तें तिथेंच घट्ट होऊन बसतें. सर्वांत फसवा प्रकार क्लोरहेक्सिडीनचा. हात धुण्याच्या ह्या औषधाचे थेंब पांढऱ्या ॲप्रनवर पडले तर दिसत नाहींत. पण परटानें ॲप्रन शुभ्र करण्यासाठीं क्लोरीनचें पाणी घातलें कीं तेच थेंब तपकिरी होऊन उमटतात, आणि ते पुन्हा जाणें कठीण. बिचाऱ्या परटाला बोल लागतो! अशा ॲप्रनला क्लोरीन लावूंच नये हें त्याला आधीं सांगून ठेवावें.

रुग्णालयांत वापरलेले कपडे घरच्या धुण्यांत मिसळूं नयेत, विशेषतः घरीं तान्हें मूल किंवा आजारी माणूस असेल तेव्हां. ते वेगळ्या पिशवींतून आणावे, आणि कापड सोसेल तर साठ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यांत निदान दहा मिनिटें धुवावे. इतक्यानें बहुतेक जंतूंचा निकाल लागतो. अर्थात् रक्ताचा डाग आधीं थंड पाण्यानें काढून मगच. वसतिगृहांत राहणाऱ्या मुलीला हें सांगणें सोपें आणि करणें कठीण. एका मजल्यावर नळ दोन, दोरी एक, आणि जुलैच्या मुंबईंत तीन दिवस कपडा वाळत नाहीं. अर्धवट ओल्या कपड्याला जो आंबूस वास येतो त्यावर अत्तर हा उपाय नव्हे. दमेकऱ्यांच्या वॉर्डांत तर तें पापच. पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरते दोन जोड अधिक ठेवावे, ते पातळ व लवकर वाळणारे असावे, जाड खादी आणि कांजी दिवाळीपर्यंत बाजूस ठेवावी, आणि पंख्याखालीं कपडा पसरतांना तो उलटा करून शिवणी बाहेर काढाव्या.

दागिन्यांचा विषय नाजूक आहे. आंगठीखालच्या कातडीवर जंतु अधिक सांपडतात ही सिद्ध झालेली गोष्ट. बांगड्यांखालींहि हात नीट धुतला जात नाहीं. परंतु नुकतें लग्न झालेल्या निवासी डॉक्टरणीच्या सासूबाईंना हें कोणी सांगावें? पुष्कळ मुली आपापल्या परी मार्ग काढतात. मंगळसूत्र आंखूड करून घेतात, म्हणजे तें वांकल्यावर लोंबत नाहीं. शस्त्रक्रियेच्या दिवशीं बांगड्या घरीं, आणि आंगठी पाकिटांत. सासूबाई ज्या दिवशीं स्वतः रुग्णालयांत खाटेवर पडतात आणि सुनेचे स्वच्छ, मोकळे हात पाहतात, त्या दिवशीं बहुधा वाद मिटतो. नखें आंखूड, रंगाविना. कानांत मोत्याचा एक दाणा पुरतो; लोंबणारीं कुडीं मुलांच्या वॉर्डांत घालणारी मुलगी तीं दुसऱ्यांदा घालीत नाहीं.

पायांकडे मात्र सर्वांत कमी लक्ष जातें, आणि सर्वांत अधिक त्रास तेथेंच होतो. उघडी चप्पल दिसावयास नाजूक, पण हातांतून निसटलेली सुई सरळ खालींच येते. पुढून बंद, न घसरणाऱ्या तळव्याचे, पुसून स्वच्छ करतां येतील असे बूट घ्यावे. ते विकत घेण्यास संध्याकाळीं जावें, कारण दिवसभर उभें राहिल्यावर पाय सुजलेले असतात आणि सकाळीं नेमका बसलेला बूट रात्रीं चावूं लागतो. दोन जोड आळीपाळीनें वापरले तर एकाला वाळण्यास पुरता दिवस मिळतो. पैसे थोडे असतील तर कुर्त्या स्वस्त घ्याव्या, बूट नव्हे. निवासी डॉक्टराला विद्यावेतन मिळतें, पण एम्. बी. बी. एस्. च्या विद्यार्थिनीचा सगळा भार वडिलांवर असतो, आणि पुस्तकांच्या किंमती पाहिल्या म्हणजे कपड्यांसाठीं तोंड उघडण्याचा तिला संकोच वाटतो. तिनें थोरल्या बहिणीची कुर्ती शिंप्याकडून बेतून घ्यावी, आणि त्याच खेपेस तिला दोन्ही बाजूंस खिसे लावून घ्यावे. अंगाला बेतशीर बसलेली जुनी कुर्ती ढगळ नव्या कुर्तीपेक्षां केव्हांहि उजवी दिसते.

राहतां राहिली ती ड्यूटी-रूममधली पिशवी. तींत एक संपूर्ण जोड, आंतल्या कपड्यांसकट, बटाट्यासारखा गुंडाळून नव्हे तर पातळ कागदांत घडी करून. एक टॉवेल, कंगवा, दांत घासण्याचा ब्रश, सहा पिना, सुईदोरा, आणि पांढरीं दोन बटनें. पहांटे चार वाजतां रोगी स्थिर झाला आणि सिस्टरनें "मॅडम, आतां तुम्ही थोडं आवरून या" असें म्हटलें, कीं दहा मिनिटांत तोंड धुवून, कपडा बदलून, वेणी पुन्हा घालून मुलगी परत येते. सकाळच्या फेरीला प्रोफेसर येतात तेव्हां त्यांना रात्रीचें कांहीं दिसत नाहीं, आणि खाटेवरचा वृद्ध गृहस्थ, जो काल डॉक्टर केव्हां येणार म्हणून विचारीत होता, तो आज तिच्याकडे पाहून उशीवरून मान उचलतो आणि म्हणतो, "या डॉक्टरीणबाई, रात्रभर तुम्हीच होतां ना?"